कुणाचा पाना कुठवर

हे पुस्तक हाती घेणाऱ्याला पहिली ठेच शब्दांशी लागेल, म्हणून आधी त्यांची ओळख करून देतो. लष्करी वर्कशॉपच्या आवारात मराठी, पंजाबी, तमिळ, भोजपुरी असं सगळं ऐकू येतं. पण गाडीची प्रकृती सांगायची वेळ आली, की सगळे तीन अक्षरांवर येतात. गाडी ‘व्हीओआर’ आहे म्हणजे रस्त्यावर काढण्याजोगी नाही. ‘बीएलआर’ म्हणजे इथल्या माणसांच्या आणि हत्यारांच्या आवाक्याबाहेरची, वरच्या वर्कशॉपकडे धाडा. ‘बीईआर’ म्हणजे दुरुस्त होईलही, पण त्यात जितका पैसा जाईल तितक्या मोलाची ती आता राहिलेली नाही. तिचं नाव वहीतून कमी करा. गंमत अशी, की यांतला एकही शब्द बिघाड काय झालाय ते सांगत नाही. पिस्टन जाम झालाय की गिअरचे दात गेलेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना एवढंच ठरवायचं असतं, की याला हात कोणी लावायचा.

पुढची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात. रणगाड्याचं पोलाद किती जाड, तोफेचा पल्ला किती, विमानाचा वेग किती, हे सांगणारं लेखन वाचकाला सहज मिळतं. तेच यंत्र वीस-वीस वर्षं चालू कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही. आणि ज्यांना ते ठाऊक असतं त्यांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नसतं.

खरं तर मराठी माणसाला ही व्यवस्था परकी नाही. तो रोज तिच्यात बसून प्रवास करतो. एसटीच्या आगारात गाडीची हवा, तेल, दिवे, ब्रेक पाहिले जातात. त्याहून मोठं काम निघालं की गाडी विभागीय कार्यशाळेत जाते. आणि सांगाडाच नव्याने उभा करायचा असेल तर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळेत. आगारातल्या मिस्त्रीला गाडीचा सांगाडा उभा करता येत नाही अशातला भाग नाही. पण त्याने ते करायला घेतलं तर उद्या सकाळी सहाची गाडी सुटणार नाही. गावोगावच्या गॅरेजमध्येसुद्धा ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे कामाचे दोन भाव असतात, आणि क्रँक घासायला लेथवाल्याकडेच धाडावा लागतो. मुळेच्या एका तीरावर एसटीची दापोडी आणि दुसऱ्या तीरावर खडकीतलं सैन्याचं ५१२ क्रमांकाचं आर्मी बेस वर्कशॉप आहे, हा योगायोग मला फार आवडतो. एकीकडे लाल गाड्या, दुसरीकडे चिलखती गाड्या. दोन्हीकडे शिडीची सगळ्यात वरची पायरी.

फरक एवढाच, की एसटी वाटेत बंद पडली तर प्रवासी मागून येणाऱ्या गाडीत बसतात. रणगाड्याच्या मागून गाडी येत नाही, आणि समोरून कोणी तरी गोळ्या झाडत असतो.

राजस्थानच्या वाळूत निघालेला एक टी-७२ घ्या. आत माणसं तीन: चालक, तोफची आणि कमांडर. एअर फिल्टरमधली वाळू काढणं, पट्ट्याचा ताण पाहणं, तुटलेली पट्ट्याची कडी बदलणं, तेलपाणी, बॅटरी, तोफेची नळी पुसणं, हे या तिघांचं काम. त्यांच्याजवळची हत्यारं रणगाड्यातच असतात आणि तेवढ्यांत जे होईल तेवढंच त्यांनी करायचं. ही पहिली पायरी. रेजिमेंटच्या सोबत ‘लाइट एड डिटॅचमेंट’ नावाची तुकडी चालते. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, आणि एक रिकव्हरी गाडी, म्हणजे रणगाडा ओढून आणणारा रणगाडा. ट्रकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर टोचन करणारी. इंजेक्टर, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, छोटे भाग बदलणं, असं जे काही तासांत उरकेल ते ही तुकडी जागेवर करते. त्याच्या मागे काही मैलांवर फील्ड वर्कशॉप. तिथे इंजिन उघडून बसायचं नसतं. आख्खं इंजिन उतरवायचं, दुसरं चढवायचं आणि रणगाडा परत पाठवायचा. उतरवलेलं इंजिन रेल्वेने आणखी मागे जातं. आणि सगळ्यात मागे बेस वर्कशॉप. टी-७२ साठी दिल्ली छावणीतलं ५०५ क्रमांकाचं. तिथे रणगाडा नट-बोल्टपर्यंत सोडवला जातो. उरतो तो नुसता पोलादी खोका. प्रत्येक भाग धुऊन, मोजून, चांगला-वाईट निवडून, महिन्यांनी पुन्हा बांधला जातो. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या पोटात जातं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

या उतरंडीत हत्यारं वाढत जातात, कौशल्य वाढत जातं, असं बाहेरून दिसतं. माझ्या मते खरी वाटणी वेळेची आहे. पुढच्या माणसाजवळ तास असतात, मधल्याजवळ दिवस, मागच्याजवळ महिने. फौज पुढे सरकली की वर्कशॉपलाही गाशा गुंडाळून तिच्या मागे धावावं लागतं. ज्याचं काम अर्धवट उघडं पडलंय ते वर्कशॉप हलू शकत नाही, आणि जे हलू शकत नाही ते शत्रूच्या हाती लागतं. म्हणून प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा बांधलेली असते. इतक्या तासांत होत असेल तर कर, नाहीतर चिठ्ठी बांध आणि मागे धाड. चांगल्या मिस्त्रीला हा हुकूम सगळ्यात जड जातो. समोर यंत्र आहे, हातात पाना आहे, बिघाड कळलाय, आणि तरी हात मागे घ्यायचा.

हात मागे का घ्यायचा, हे मला एका स्कूटरने शिकवलं. कॉलेजात असताना प्लग साफ करायला म्हणून काढला. परत बसवताना सैल राहू नये म्हणून जोर लावून आवळला, आणि हेडचे आटे गेले. ॲल्युमिनियमचं हेड, पोलादी प्लग, आणि वर माझा उत्साह. दहा मिनिटांच्या कामासाठी मग हेड उतरवावं लागलं, लेथवाल्याकडे नेऊन बुश मारून आणावा लागला, आणि त्यात चार दिवस गेले. पहिल्या पायरीचं काम मी एका हिसक्यात चौथ्या पायरीवर नेऊन ठेवलं होतं. सैन्याच्या नियमपुस्तकांत प्रत्येक पायरीने काय करावं याच्या याद्या असतातच. त्यांत खरी अक्कल दडलेली असते ती काय करू नये या भागात. तो भाग कुणाच्या तरी गेलेल्या आट्यांमधून लिहिला गेलेला असतो.

हा प्रश्न यंत्रांच्या आधीपासूनचा आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचं घोडं आणि हत्यार सरकारी, शिलेदाराचं स्वतःचं. एकाच लढाईत शेजारी शेजारी दौडणाऱ्या दोघांच्या घोड्यांची निगा दोन वेगळ्या हिशेबांनी होई. तंग आवळणं, खरारा करणं हे स्वाराचं काम. नाल ठोकायला नालबंद. तलवारीला धार लावायला शिकलगार. आणि मागे गडावर शिलेखाना. पायऱ्या तेव्हाही होत्या, फक्त त्यांना क्रमांक नव्हते. शिलेदाराला आपलं घोडं जपण्याची काळजी असे, कारण ते मेलं तर नुकसान त्याचं. बारगिराचं मेलं तर सरकारचं. वस्तू कुणाची आणि निगा कुणाची, ही गाठ तेव्हाही सुटलेली नव्हती. आज वर्कशॉप सरकारचं आणि चालवणारा ठेकेदार, अशी भाषा सुरू झाल्यावर ती पुन्हा समोर आली आहे. त्याकडे मी नंतर येतो.

घोडं आजारी पडतं ते हळूहळू. इंजिन पडतं ते एका क्षणात, आणि एका कारखान्यातली इंजिनं एकाच तऱ्हेने पडतात. दुसऱ्या महायुद्धात फौजा मोटारींवर चढल्या, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना महागात पडली. ब्रिटिश सैन्यात तोवर दुरुस्तीचं काम अनेक खात्यांत विखुरलेलं होतं. ऑर्डनन्स कोअरचे वेगळे फिटर, सर्व्हिस कोअरचे वेगळे, इंजिनिअर्स आणि सिग्नल्सचे आणखी वेगळे. एकीकडे कसबी फिटरला पहाऱ्यावर उभं केलेलं आणि दुसरीकडे गाड्या फिटरवाचून पडलेल्या. सैन्यातली कसबी माणसं नीट वापरली जातात का, हे तपासायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते विल्यम बेव्हरिज, म्हणजे ब्रिटनच्या सामाजिक विम्याचा प्रसिद्ध अहवाल ज्यांनी लिहिला तेच. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने त्याच सुमारास मोडक्या ट्रकांचाही मांडावा, यात मला काही विसंगती दिसत नाही. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ ही दुरुस्तीपुरती स्वतंत्र कोअर उभी राहिली. तरीही सर्व्हिस कोअरने आपल्या गाड्यांची दुरुस्ती काही वर्षं सोडली नाहीच. घरातला पाना सहजासहजी कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

हिंदुस्थानात तीच वाट १ मे १९४३ ला धरली गेली. ऑर्डनन्समधली माणसं आणि वर्कशॉपं टप्प्याटप्प्याने नव्या कोअरकडे आली, आणि १५ ऑक्टोबर हा तिचा स्थापनादिन ठरला. ‘इलेक्ट्रिकल’च्या जागी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ २००१ मध्ये आलं. ‘ईएमई’ ही अक्षरं तीच राहिली. ‘कर्म ही धर्म’ हे तिचं ब्रीद. साध्या शिपायाला इथे ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात. सैन्यात हुद्द्याच्या नावातच कारागिरी असावी, हे कोअरने स्वतःविषयी बाळगलेलं मत आहे आणि ते योग्य आहे. आठ आर्मी बेस वर्कशॉपं याच महायुद्धाच्या धामधुमीत उभी राहिली: दिल्ली, जबलपूर, कांकिनाडा (हे कोलकात्याजवळचं, आंध्रातलं नव्हे), अलाहाबाद, आग्रा, मेरठ, खडकी आणि बंगळूर. वीज, रेल्वे आणि कारागिरांची वस्ती जिथे होती तिथे ती गेली, हे नकाशा पाहिला की समजतं.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटाने त्या युद्धात आणखी एक धडा दिला. रणगाड्यांची लढाई संध्याकाळी थांबते तेव्हा मैदानावर दोन्ही बाजूंचे मोडके रणगाडे उभे असतात. त्यांतले बरेच जळालेले नसतात. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाचं चाक गेलेलं. रात्री ते मैदान ज्याच्या ताब्यात राहील तो आपले रणगाडे ओढून नेणार आणि दुसऱ्याचे उडवून देणार. १९४१ आणि १९४२ च्या पूर्वार्धात जर्मन या कामात सरस होते, आणि ब्रिटिशांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किती रणगाडे उभे राहतील हे रात्रीच्या टोचनावर ठरायचं. लढाईच्या इतिहासात ही रात्र सहसा येत नाही. सेनापतींची चरित्रं संध्याकाळी थांबतात आणि पहाटे पुन्हा सुरू होतात.

पण जर्मनांचीच गोष्ट पुढे उलटी फिरली, आणि ती या विषयात सगळ्यात शिकण्यासारखी आहे. टायगर रणगाड्याचं नाव युद्धकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याची चाकं एकावर एक, पानाच्या विड्यासारखी दुमडून बसवलेली होती. त्यामुळे सुमारे ५७ टनांचं वजन छान पसरायचं आणि चाल मऊ व्हायची. पण आतलं एक चाक बदलायचं म्हटलं, की बाहेरची कित्येक काढावी लागत. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमधला चिखल रात्रीत गोठून दगड होई. एक बंद पडलेला टायगर ओढायला १८ टनी ओढगाड्या तीन-तीन जुंपाव्या लागत, आणि तितक्या त्या नसतच. एका टायगरने दुसऱ्याला ओढू नये असा स्पष्ट हुकूम होता, कारण त्याने ओढणाऱ्याचाही गिअर जाई. हुकूम सर्रास मोडला गेला. मोडणाऱ्यांना दोष देववत नाही. ओढगाडीच आली नाही तर समोरचा मित्र सोडून जायचा का? रेखाटनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने पहिल्या पायरीचं काम चौथीवर ढकललं होतं, आणि चौथी पायरी तिथे नव्हती. त्याआधी १९४१ मध्ये रशियात घुसताना जर्मन फौज मोठ्या दुरुस्तीचे रणगाडे थेट जर्मनीतल्या कारखान्यांकडे परत पाठवत होती. हजारभर मैलांचा, मध्ये रुळांची रुंदी बदलणारा रस्ता. युद्ध काही महिन्यांत संपेल असं गृहीत धरलं की मधली पायरी वायफळ वाटू लागते.

पहिली पायरी कमी लेखल्याचं उदाहरण अमेरिकेचं आहे. व्हिएतनाममध्ये नवी एम-१६ रायफल दिली गेली तेव्हा तिला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत पसरली होती, आणि सफाईचं सामानही पुरेसं पोहोचलं नव्हतं. त्यातच काडतुसातली दारू बदललेली. दमट जंगलात रायफली ऐन वेळी अडकू लागल्या. तपास अमेरिकी काँग्रेसच्या समितीपर्यंत गेला. मग नळीचं मागचं टोक क्रोमचं झालं, सफाईचं सामान आलं, आणि एक पुस्तिकाही आली, चित्रकथेच्या रूपात. ती काढणारे विल आयस्नर हे अमेरिकेतले नावाजलेले चित्रकथाकार; १९५१ पासून ते सैन्यासाठी ‘पीएस’ नावाचं देखभालीचं चित्रमय मासिक करत होते. पीएस म्हणजे आपलं ता. क., तांत्रिक पुस्तकांच्या शेवटी जोडलेला. एकोणीस वर्षांच्या पोराला यंत्र पुसायला लावायचं असेल तर जाडजूड नियमपुस्तकापेक्षा चार चित्रं आणि एक विनोद जास्त कामाचे, हे ओळखणारा तो माणूस होता.

शिडी कधी वाकवायची हेही कळावं लागतं. १९४८ च्या शरद ऋतूत जोजी ला खिंडीवर आपल्या पायदळाचा हल्ला फसला होता. तेव्हा जनरल थिमय्यांनी ७ कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट रणगाडे वर न्यायचं ठरवलं. जम्मू ते श्रीनगर आणि पुढे बालतालपर्यंतचे पूल त्यांचं वजन पेलणारे नव्हते. म्हणून त्यांचे बुरूज उतरवले गेले, आणि पुढे पुन्हा चढवले गेले. मद्रास सॅपर्सनी खिंडीत वाट केली, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेतीन हजार मीटरच्या आसपास, कुणाच्या स्वप्नातही नसताना, रणगाडे उभे राहिले. बुरूज उतरवणं हे क्रेन, छप्पर आणि सपाट जमीन असलेल्या वर्कशॉपचं काम. ते घाटरस्त्यावर, लपूनछपून, थंडीत झालं. इथे कोणी नियम मोडला असं मी म्हणणार नाही. कुठला धोका पत्करायचा हे ज्याचं ठरवण्याचं काम होतं त्याने ठरवलं, आणि हात लावणाऱ्यांना ते आधी सांगितलं गेलं. स्कूटरच्या प्लगचं तसं नव्हतं.

चौथ्या पायरीच्याही मागे एक पायरी असते, आणि तिचं नाव सैन्याच्या तक्त्यात नसतं. ती परदेशातल्या कारखान्यात असते. १९८६ मध्ये भारताने स्वीडनच्या बोफोर्सकडून १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा घेतल्या. पुढचं राजकारण वाचकाला पाठ आहे. कंपनीशी व्यवहार थांबला तसे सुटे भागही थांबले. मग एका तोफेचे भाग काढून दुसरी चालू ठेवायची वेळ आली. गॅरेजवाले हे रोज करतात, पण गॅरेजवाल्याला कोपऱ्यातली उघडी गाडी लढाईला न्यायची नसते. १९९९ च्या कारगिल युद्धात त्याच तोफांनी डोंगरमाथे फोडले. त्या चालू ठेवणाऱ्यांचं श्रेय मोठं आहेच. पण आपण तोफ विकत घेतली होती आणि तिच्या दुरुस्तीची चावी दुसऱ्याच्या खिशात होती, हेही तितकंच खरं. त्याच तोफेच्या हस्तांतरित आराखड्यांवरून पुढे जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने ‘धनुष’ बांधली. आराखडे तोवर कितीतरी वर्षं पडून होते.

हवाई दल आणि नौदल यांच्या शिड्या मी या पुस्तकात फारशा घेतलेल्या नाहीत. विमान बंद पडलं तर आकाशात थांबत नाही, तेव्हा तिथली पहिली पायरी उड्डाणाआधीच कडक असते; आणि शेवटच्या पायरीसाठी लढाऊ विमानं आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत येतात. जहाजावर तर खलाशी वर्कशॉपमध्येच राहतो. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डवर कुणीतरी मराठीत वेगळं लिहायला हवं, आणि ते काम समुद्र लागलेल्या माणसाचं आहे.

आता वादाचा भाग. अमेरिकी सैन्याने या शतकाच्या सुरुवातीला चार पायऱ्यांच्या दोनच केल्या. सूत्र असं: पुढे बदला, मागे दुरुस्त करा. यंत्रांची पोटं आता इलेक्ट्रॉनिक डब्यांनी भरलेली आहेत. वाळूत बसून सर्किट बोर्ड जोडता येत नाही, तो डबा काढायचा आणि नवा घालायचा. रणगाड्यातही इंजिन आणि गिअर एकत्र बांधून तो आख्खा गठ्ठा तासाभरात बदलता येईल अशी रचना पाश्चात्त्य रणगाड्यांत रुळली आहे. टी-७२ वर त्याच कामाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हे सगळं मान्य. पण डबा बदलणाऱ्याला हळूहळू डब्यात काय आहे ते कळेनासं होतं. दिवा लाल झाला, डबा बदल; दिवा हिरवा झाला नाही, दुसरा डबा बदल. मग चांगले डबेही मागे जातात आणि तिथे त्यांत दोष सापडत नाही. मधल्या पायरीवरचा माणूस ऐकून, वास घेऊन, हात लावून बिघाड ओळखायचा. तो गेला की पुढे नुसते हात उरतात आणि मागे नुसती यंत्रं. माझं मत सरळ आहे: मधली पायरी कागदावर सगळ्यात महाग दिसते, म्हणून तीच आधी कापली जाते, आणि ज्ञान सगळ्यात जास्त तिथेच साठलेलं असतं. हे मत न पटणारे अधिकारी बरेच आहेत आणि त्यांचे मुद्दे मी सातव्या प्रकरणात शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडले आहेत.

आपल्याकडेही शिडी आखडती घेण्याचा विचार झाला. लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तिच्या ६५ शिफारशी अमलात आणायचं जाहीर केलं. त्यांत बेस वर्कशॉप, ॲडव्हान्स बेस वर्कशॉप आणि स्टेशन वर्कशॉप यांची फेररचना होती. सगळ्या शिफारशी मिळून सुमारे ५७,००० माणसांना आहे त्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर नेमायचं होतं. त्याच सुमारास बेस वर्कशॉपं सरकारी मालकीची ठेवून ठेकेदाराने चालवावीत असा प्रस्तावही चर्चेत आला, आणि कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. या वादात एक गोष्ट सहसा निसटते. बेस वर्कशॉपमधले बहुतेक कारागीर गणवेशात नसतात. क्राफ्ट्समनची बदली दोन-तीन वर्षांनी होते. पण मुलकी फिटर त्याच शेडमध्ये तीस वर्षं काढतो, आणि कुठल्या साली आलेल्या मालाचा कुठला बेअरिंग दगा देतो हे त्याला पाठ असतं. बारगीर आणि शिलेदार यांच्यामधला हा तिसराच माणूस आहे: वस्तू त्याची नाही, लढायचंही त्याला नाही, आणि तरी ती त्याच्याइतकी कुणालाच माहीत नाही. ठेका कुणालाही द्या, या माणसाच्या डोक्यातलं कशात उतरवणार, याचं उत्तर मला कुठल्याच कागदात सापडलेलं नाही.

दरम्यान पूर्व लडाखमध्ये उलट दिशेची हालचाल दिसते. २०२० नंतर तिथे रणगाडे मोठ्या संख्येने नेले गेले. त्या उंचीवर हवा विरळ, थंडीत रबरी सील कडक होतात, बॅटऱ्या मान टाकतात, डिझेल गोठू पाहतं. रणगाडा दुरुस्तीला खाली आणायचा म्हणजे उतरायला आणि पुन्हा चढायला लागणारा काळ लढाईतून वजा करायचा. म्हणून न्योमाजवळ आणि दौलत बेग ओल्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रणगाडे दुरुस्तीच्या सोयी उभारल्या गेल्या आहेत. दिल्लीत बसून कापलेली मधली पायरी डोंगराने पुन्हा बांधून घेतली, असं म्हणायचा मोह होतो. पण दोन ठिकाणांवरून एवढं मोठं अनुमान काढू नये, म्हणून आवरतो.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. सुरुवात बेस वर्कशॉपपासून करावी असं काही मित्रांचं म्हणणं होतं. उंच छपरं, क्रेनला लटकलेला बुरूज, ओळीने मांडलेली इंजिनं. तिथली छायाचित्रं देखणी येतात. मी मांडणी खालून वर ठेवली आहे. पहिलं प्रकरण मेंटेनन्स परेडचं आहे. त्यात युद्ध नाही, आणि वाचकाला तीसेक पानं धीर धरावा लागेल. सकाळच्या थंडीत गाड्या ओळीने उभ्या आहेत. एक चालक बॉनेट उघडतो, डिपस्टिक बाहेर काढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा आत घालतो, आणि मग बघतो.